चौतिसावी पट्टी

त्या दिवशी माझं काम फक्त बस चालवायचं होतं. एल्मडॉर्फ शाळेच्या सात मुली, त्यांचे कोच आणि माझ्या बायकोने, डोलोरेसने, पहाटे उठून केलेले कोबी-खिमा भरलेले बीरॉक पाव, एवढा ऐवज बसमध्ये घालायचा, दोनशे मैल पूर्वेला राज्य स्पर्धेच्या मैदानावर नेऊन उतरवायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. मधल्या वेळात मी मागच्या सीटवर आडवा होणार होतो. खरोखर झोपलो असतो तर आज हे लिहायची पाळी आली नसती.

१९९६ सालचा ऑक्टोबर संपत आला होता. कॅन्ससमध्ये त्या दिवसांत वारा सुटला की टोपी एका हाताने धरूनच चालावं लागतं. स्पर्धा क्रॉस कंट्रीची. म्हणजे गवतातून, चढउतारांवरून मुलींनी दोन मैल पळायचं. सात मुलींत माझी जेनेलही होती. शेवटचं वर्ष होतं तिचं शाळेतलं. आमच्या शाळेने एकतीस वर्षांत कुठल्याच खेळात राज्याचा करंडक आणला नव्हता, आणि या वर्षी येईल असं कोच घसा खरवडून सांगत होते.

मी बूट काढून पडलो न पडलो तोच काचेवर टकटक झाली. ओटो ब्रुंगार्ट. शर्यत संपते तिथला सगळा कारभार या ओटोकडे असायचा. निवृत्त गणित मास्तर, दोन्ही कानांवर दोन पेन्सिली, आणि जग आपल्यामुळे सरळ चाललंय अशी पक्की समजूत.

"ऑल्विन, ऊठ. माझा तारवाला आलाच नाही."

"माझी पोरगी धावतेय, ओटो. दुसरा कोणी बघ."

"प्रत्येकाचं कोणी ना कोणी धावतंय. तुला धावायला सांगितलंय का? पट्ट्या फाडायच्या आणि तारेत ओवायच्या. बस चालवणाऱ्याला जमेल एवढं."

मी बूट घातले.

त्या काळी बुटात बसवायच्या चिपा नव्हत्या. शर्यत संपते त्या रेषेपुढे दोर बांधून एक अरुंद गल्ली केलेली असायची. रेषा ओलांडली की मुलींनी त्या गल्लीतून एकामागे एक, आल्या त्याच क्रमाने चालत यायचं. प्रत्येकीच्या छातीवर नंबराचा कागद टाचलेला, त्याच्या खाली तिचं नाव नि शाळा लिहिलेली एक पट्टी. गल्लीच्या दुसऱ्या टोकाशी उभं राहून ती पट्टी फाडायची आणि वाकवलेल्या तारेत ओवायची. शेवटी त्या तारेवर ज्या क्रमाने पट्ट्या असतील तोच निकाल. दुसरा पुरावा नाही.

"एकच नियम," ओटो बोट नाचवत म्हणाला. "पट्टी आधी, माणूस नंतर. गल्लीत कोणी मेलं तरी आधी त्याची पट्टी घ्यायची, मग रडायचं."

आम्ही सगळे हसलो. माझ्या शेजारी यजमान शाळेची एक बाई होती, मदतीला. तीही हसली.

मुली येऊ लागल्या. पहिल्या दहा जणी सुट्या सुट्या आल्या, काही त्रास नाही. मग गठ्ठा आला. तोंडं लाल, नाकातून पाणी, पाय कुठे पडतोय याची शुद्ध नाही. त्या गठ्ठ्यात हिरव्या कपड्यांतली एक उंच पोरगी होती. हिरवा रंग सँड रिज शाळेचा, आणि त्यांच्याशीच आमची खरी चुरस. तिने आपल्या पायांवर रेषा ओलांडली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गल्लीत दहा पावलं चालली आणि गुडघ्यात मोडून खाली बसली ती बसलीच. मागच्या मुली तिच्यावर येऊन अडखळल्या. दोर ताणले गेले, रांग विस्कटायला लागली, मागून ओटो ओरडत होता, "चालत राहा, चालत राहा."

मी तार शेजारच्या बाईच्या हातात कोंबली आणि धावलो. पोरीला उचललं. पळणाऱ्या मुली वजनाला काहीच नसतात, डोलोरेसची किराण्याची पिशवी जड असते. साठेक पावलांवर प्रथमोपचाराचा तंबू होता, तिथे नेऊन खाटेवर ठेवली. नर्सने ब्लँकेट टाकायला घेतलं, तेव्हा मला दिसलं की पट्टी तिच्या छातीवर तशीच आहे.

मी ती फाडली आणि पळत परत आलो. बाईने तार माझ्या हातात दिली. तिने आपलं काम चोख केलं होतं, मधल्या वेळात एकही पट्टी चुकवली नव्हती. तारेवर तेहेतीस झाल्या होत्या. मी हातातली पट्टी ओवली. चौतिसावी.

त्या क्षणी मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं. ही पोरगी अकरा जणींच्या पुढे होती, आणि मी तिला अकरा जणींच्या मागे घातली. पण पुढची मुलगी छाती पुढे करून उभी होती, तिच्या मागे आणखी. म्हटलं, संपलं की ओटोला सांगू, तो सरकवेल. शेवटची पट्टी ओवली तेव्हा ओटो आला, माझ्या हातून तार हिसकावली, "वाऱ्याने उडायच्या आत नेतो" म्हणाला आणि मोजणीच्या टेबलाकडे पळाला. मी "ओटो" अशी हाक मारली. त्याने वळून पाहिलं नाही, आणि मी दुसरी हाक मारली नाही. माझं सगळं पाप त्या न मारलेल्या दुसऱ्या हाकेत आहे.

निकालाचा कागद एका व्हॅनच्या अंगावर चिकटवला. हिशोब सोपा असतो. टीममधल्या पहिल्या पाच जणींचे क्रमांक मिळवायचे, बेरीज कमी ती टीम वर. एल्मडॉर्फ एक्याऐंशी. सँड रिज सत्त्याऐंशी. सहाने जिंकलो होतो. मी खालची नावं वाचली. कोरिन हॅगमन, सँड रिज, चौतिसावी. तिचे अकरा आकडे काढून टाकले तर काय होतं, ते समजायला गणित मास्तर लागत नव्हता. त्या अकरा जणींत आमच्याही दोघी होत्या, त्या एकेक नंबर मागे जात होत्या. करंडक सँड रिजचा होता, तोही सात गुणांनी.

तक्रार करायला अर्धा तास असतो. त्या अर्ध्या तासात सँड रिजचे कोच माझ्या शेजारी उभे राहून तोच कागद वाचत होते. मानेवरून हात फिरवत म्हणाले, "मी टेकडीवर होतो, शेवट दिसलाच नाही. रेषेच्या आधीच पडली असणार पोरगी. मागच्या सगळ्या निघून गेल्या असतील." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तूच उचललंस ना तिला? उपकार झाले बाबा."

त्यांनी हात पुढे केला. मी तो हातात घेतला आणि तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहिलो.

पलीकडे आमच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. जेनेलला दोघींनी खांद्यावर घेतलं होतं. ती तेविसावी आली होती. म्हटलं, फोटो काढून होऊ दे, मग सांगतो. मग म्हटलं, करंडक एकदा हातात घेऊ दे. मग अर्धा तास संपला. वेळ संपल्यावर सांगण्यात काय अर्थ, असं स्वतःला पटवायला मला बसपर्यंत चालत जाण्याइतकाही वेळ लागला नाही.

जिंकलेली टीम गावात आणायची आमच्याकडे एक रीत आहे. जिल्ह्याच्या हद्दीवर गावचा आगीचा बंब येऊन उभा राहतो, भोंगा वाजवत बसच्या पुढे चालतो, आणि मागे गावातल्या यच्चयावत गाड्या हॉर्न वाजवत. एकतीस वर्षांत कोणी हे पाहिलं नव्हतं. बारा मैल मी त्या बंबाच्या लाल दिव्यांमागे बस चालवली. पोलिसांनी पकडून नेत असल्यासारखं वाटत होतं, आणि लोक टाळ्या वाजवत होते. मागे मुली गात होत्या. जेनेल त्यांच्यात नव्हती. ती माझ्या पाठीमागच्याच सीटवर खिडकीला डोकं टेकून बसली होती. मला वाटलं, दमली.

तीन दिवसांनी पेपरात फोटो आला. मी, माझी मळकी टोपी, आणि माझ्या हातांवर हिरव्या कपड्यांतली ती पोरगी. खाली छापलं होतं की आपली मुलगी करंडकासाठी धावत असताना या बापाने प्रतिस्पर्धी शाळेच्या मुलीला आधी सावरलं. झालं. न्हाव्याने तो फोटो आरशाशेजारी लावला. शाळेने चौकटीत घालून करंडकाच्या वर टांगला. चर्चमध्ये फादरनी त्यावर पंचवीस मिनिटं प्रवचन दिलं, आणि मी पहिल्या बाकावर मान खाली घालून बसलो तर लोक म्हणाले, बघा किती विनम्र आहे. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला वीस वर्षं खवखवतंय, आणि गावाला वाटतं माझा स्वभावच लाजरा.

गावाच्या वेशीवर दुसरी पाटी लागली, लोकवस्तीच्या पाटीखाली: मुलींची क्रॉस कंट्री, राज्य विजेत्या, १९९६. दिवसातून चार वेळा माझी बस तिच्यासमोरून जायची.

हे सगळं एक वेळ पचवलं असतं. माणूस काहीही पचवतो. पण त्या नाताळात एक कार्ड आलं. कोरिन हॅगमनचं. गोल, लहान मुलीसारखं अक्षर. "त्या दिवसातलं मला काहीच आठवत नाही," तिने लिहिलं होतं, "फक्त कोणीतरी उचलून नेतंय आणि त्याच्या कोटाला डिझेलचा वास येतोय एवढं आठवतं. मी पडले म्हणून आमचा करंडक गेला. टीमच्या मुली माझ्याशी नीट बोलत नाहीत, त्यांचंही बरोबर आहे. पण तुम्ही माझ्यासाठी थांबलात, हे मी विसरणार नाही."

मग दर नाताळाला एक कार्ड. लग्न झालं, मुलगा झाला, शिक्षिका झाली, सँड रिजच्याच मुलींना पळायला शिकवते. प्रत्येक कार्डात ती एक ओळ असायचीच, की मी पडले तरी तुम्ही थांबलात. डोलोरेस ते कार्ड फ्रीजवर सगळ्यांत वर लावायची.

मी काय केलं? दर जानेवारीत पत्र लिहायला बसलो आणि दर जानेवारीत "आम्ही मजेत आहोत" एवढं लिहून पाठवलं.

गेल्या वर्षी सप्टेंबरात शाळेचा फोन आला. विजयाला वीस वर्षं होतात, तर शुक्रवारच्या फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात त्या टीमचा सत्कार करायचा. आणि एक गंमत म्हणून कोरिन हॅगमनला बोलावलंय. ती माईकवर चार शब्द बोलेल आणि माझ्या हातात स्मृतिचिन्ह देईल. डोलोरेसने फोन ठेवला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

जेवायला खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल होते. मी नुसता चमचा फिरवत होतो.

"गार होतंय ते," डोलोरेस म्हणाली. "आणि तोंड असं का केलंयस, गारपिटीत गहू गेल्यासारखं?"

मी सांगितलं. वीस वर्षं जे जमलं नाही ते तीन-चार वाक्यांत संपलं, हेच मला विचित्र वाटलं. तिने चमचा खाली ठेवला.

"मी दर वर्षी कार्ड लावते त्या फ्रीजवर," ती म्हणाली. "आणि तू रोज सकाळी त्यातून दूध काढतोस."

"हो."

"कसा रे तू."

मग ती उठली, ताटं आवरली, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "आधी जेनेलला सांग. मग त्या पोरीला. तिसऱ्याच कोणाच्या तोंडून कळता कामा नये दोघींना."

जेनेल सलायनाला दातांच्या दवाखान्यात काम करते. दुसऱ्या दिवशी तिच्या जेवणाच्या सुट्टीत मी दवाखान्याबाहेर पिकअप लावली. ती सँडविच घेऊन शेजारी येऊन बसली, पायात ते पांढरे दवाखान्याचे बूट.

"आई बरी आहे ना? तुम्ही असे न सांगता कसे आलात?"

"बरी आहे. तुला एक सांगायचंय. त्या राज्य स्पर्धेचं."

तिने सँडविच कागदात परत गुंडाळलं. मी पट्टीचं सांगितलं. ती समोर काचेतून बघत होती. सांगून झालं तरी बघतच होती.

"मला माहीत आहे, बाबा."

"काय माहीत आहे?"

"मी तिच्या लगेच मागे होते. तिची वेणी माझ्या नाकासमोर होती, शेवटच्या वळणापासून. ती तेविसावी, मी चोविसावी. कागदावर बघते तर तेविसावी मी, आणि ती चौतिसावी. मला काय मोजता येत नाही?"

मग मी विचारलं, जे विचारायला नको होतं. "मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं होतं? तार माझ्या बापाच्या हातात होती." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं तुम्ही मुद्दाम केलंत. माझ्यासाठी केलंत. मी सांगितलं असतं तर तुमची नोकरी गेली असती, तोंड दाखवायला जागा राहिली नसती. सतरा वर्षांची होते मी. बसमध्ये तुमच्या मागे बसले होते तेव्हा वाटत होतं, तुम्ही आता मागे वळून मला सांगाल. तुम्ही रस्त्याकडे बघत होतात."

स्पर्धेनंतरच्या वसंतात जेनेलने ट्रॅकच्या टीममधून नाव काढून घेतलं होतं. नडगी दुखते म्हणाली. डॉक्टरला काही सापडलं नाही. त्यानंतर ती कधीच पळाली नाही, आणि मी चारचौघांत सांगत आलो की पोरीची नडगी अधू आहे.

"मुद्दाम नव्हतं गं," मी म्हणालो. "देवाशपथ सांगतो. गडबडीत झालं."

"बरं. आणि नंतर? तो अर्धा तास?"

मी स्टिअरिंगवरची धूळ पुसली.

"आणि तिला उचललंत ते? तेही गडबडीत? तुम्ही पळत आलात, बाबा, आणि आधी माझ्याकडे बघितलंत. मग मागे त्या रेटणाऱ्या मुलींकडे. मग खाली तिच्याकडे. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला तुमचं तोंड दिसत होतं."

खरं तेच होतं. रांग विस्कटत होती. क्रम बिघडला तर जेनेलचा नंबर जाईल, हे माझ्या डोक्यात आलं होतं, आणि ती पडलेली पोरगी वाटेत होती. रस्त्यात ओंडका पडला तर मी बस थांबवून तो बाजूला करतो, तसं मी तिला उचललं होतं. पुढे तंबूपर्यंत नेताना तिचं डोकं माझ्या खांद्यावर लोळायला लागलं तेव्हा कुठे मला ती कोणाची तरी लेक वाटली. पण उचललं तेव्हा नाही. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

जेनेलने घड्याळ पाहिलं. "मला आत जायला हवं. एकाची दाढ काढायचीय." दार उघडून ती क्षणभर थांबली. "शुक्रवारी मी येते. तुम्ही बोला, मी शेजारी उभी राहीन. पण तिला आधी सांगा. आजच."

सँड रिजला पोचलो तेव्हा शाळा सुटली होती. कोरिन गावाबाहेरच्या मातीच्या रस्त्यावर मुलींचा सराव घेत होती, एका बाजूला कापणीला आलेली ज्वारी, दुसऱ्या बाजूला नुसतं कुंपण. सदतीस-अडतीसची, उंच, उन्हाने रापलेली बाई. मला तिने लांबून ओळखलं आणि हसत पुढे आली.

"मिस्टर स्टेक्लाइन. शुक्रवारपर्यंत दम निघाला नाही वाटतं?" मग मुलींना ओरडली, "पुलापर्यंत जाऊन या, दोन वेळा. चालताना दिसलात तर तिसरी फेरी." मुली कुरकुरत गेल्या. "यांना तुमची गोष्ट पाठ आहे. दर सीझनला सांगते मी. पडलात तरी चालेल, पण पडलेल्याला उचलायला विसरू नका, असं."

मी टोपी काढली. हातात धरायला काहीतरी हवं होतं.

"तू पडली नाहीस," मी म्हणालो. "म्हणजे पडलीस, पण रेषा ओलांडून. तू तेविसावी होतीस. मी तुझी पट्टी तारेत उशिरा ओवली. करंडक तुमचा होता. मला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी बोललो नाही."

ती हसत होती ते हसू तोंडावर तसंच राहिलं, जरा वेळ. मग गेलं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं. या वेळी सावकाश, अर्ध्या तासासकट, तिच्या कोचने माझा हात हातात घेतला त्यासकट. ती कुंपणाजवळ गेली आणि खांबाला धरून उभी राहिली.

"माझे वडील," ती म्हणाली, "घरी जाईपर्यंत गाडीत एक शब्द बोलले नाहीत. साडेतीन तास. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, वेग जरा राखून ठेवायचा असतो गं. चार वर्षं झाली त्यांना जाऊन. शेवटपर्यंत त्यांना वाटायचं, पोरीला राखून पळता येत नाही. मलाही तेच वाटतं अजून. कशातच मी पूर्ण जोर लावत नाही, मिस्टर स्टेक्लाइन. मला भीती वाटते, मी शेवटाआधी पडेन."

मी क्षमा मागितली. तो शब्द इतका तोकडा निघाला की मलाच लाज वाटली.

"वीस वर्षं तुम्हाला कार्डं पाठवली मी."

"सगळी जपून ठेवलीत."

"कशाला?" ती म्हणाली. रस्त्यावर मुली पुलाकडून परत येताना दिसत होत्या, लहान लहान ठिपके, मागे धूळ. तिने त्यांच्याकडे पाहत विचारलं, "एक सांगा. त्या दिवशी गल्लीत इतकी माणसं होती. कोणी हललं नाही. तुमचा हात तारेवर होता, ती सोडायची नसते, हे मलाही माहीत आहे, आता मीही पट्ट्या ओवल्यात. तरी तुम्ही सोडली. का?"

सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून मी शंभर मैल गाडी चालवत आलो होतो. काही मागे ठेवायचं नाही. उत्तर जिभेवर होतं. तिच्याकडे पाहिलं तर ती कुंपणाची तार घट्ट धरून उभी होती, आणि तिचा चेहरा नाताळच्या पहिल्या कार्डाच्या अक्षरासारखा लहान झाला होता.

"तू पडली होतीस," मी म्हणालो. "पोरगी पडली, एवढंच दिसलं मला. दुसरं काही डोक्यात आलं नाही."

"मी कुठल्या शाळेची तेही नाही?"

"ते तंबूत गेल्यावर बघितलं."

तिने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. "ठीक आहे," ती म्हणाली. "मग तेवढं राहू दे माझ्याकडे. बाकीचं तुम्ही शुक्रवारी सांगा. मी येणार नाही." मग ती मुलींकडे वळली, आणि मी पिकअपमध्ये येऊन बसलो.

शुक्रवारी मध्यंतरात मी माईकवर सांगितलं. जेनेल शेजारी उभी होती. वीस वर्षांपूर्वीच्या बाकीच्या पाच जणी होत्या, सातवी आली नव्हती. वाऱ्याने माईक घुरघुरत होता, तरी सगळ्यांना नीट ऐकू गेलं, कारण इतकी शांतता आमच्या मैदानावर मी कधी ऐकली नाही. शनिवारी पाना घेऊन गेलो आणि वेशीवरची ती खालची पाटी उतरवली. करंडक शाळेने सँड रिजला पाठवला. मला वाटलं होतं, लोक आता तोंड फिरवतील. काहींनी फिरवलं, आणि खरं सांगतो, त्यांच्यासमोर मला मोकळं वाटतं.

पण बाकीचे फिरवत नाहीत. न्हाव्याच्या खुर्चीत, चर्चच्या पायऱ्यांवर, पेट्रोल भरताना कोणी ना कोणी खांद्यावर हात ठेवतं. "झालं गेलं, ऑल्विन," म्हणतात. "चूक झाली, माणूस आहे. पण तार टाकून त्या पोरीला उचललं तर तूच ना? ते काही खोटं नाही ना?"

हे शब्द फिरत फिरत सँड रिजला जातात, हे मला माहीत आहे. म्हणून मी म्हणतो, "नाही, ते खोटं नाही."